कुलपाची मर्यादा

सायकल ही आपल्या देशातील सर्वसामान्य कुटुंबाची पहिली, आणि पुष्कळ घरांत एकमेव, वाहनसंपत्ती होय. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के घरांत सायकल असल्याची नोंद झाली. स्कूटर अथवा मोटारसायकल त्या वेळी याच्या निम्म्याहूनही कमी घरांत होती. दूध घालणारा गवळी, पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, रात्रपाळीवर निघालेला कामगार, हत्यारांची पिशवी दांडीला अडकवून कामावर जाणारा सुतार किंवा गवंडी, या सर्वांचा दिवस सायकलीवरच सुरू होतो. त्यांच्या घरांतून सायकल नाहीशी होणे म्हणजे एखादी चैनीची वस्तू हरवणे नव्हे. दुसऱ्या दिवशीच्या मिळकतीचे काय करावयाचे, हा प्रश्न त्याच रात्री घरात उभा राहतो.

बिहार राज्याने २००६ साली नववीत शिकणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे या योजनेच्या परिणामांचा अभ्यास केला, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळून आले. ज्या गावांपासून शाळा दूर होती, तेथे हा परिणाम विशेष दिसला. शाळा जागची हलली नव्हती आणि मुलीही त्याच होत्या. मधले अंतर तेवढे सायकलीने आटोक्यात आणले. आता या हिशेबाची दुसरी बाजू आपण ध्यानी घ्यावी. अशा एखाद्या मुलीची सायकल शाळेच्या कुंपणापासून कोणी उचलून नेली, तर चोराच्या हाती दीड-दोन हजारांचा माल लागतो. परंतु मुलीच्या हातून जे निसटू शकते, त्याची किंमत बाजारभावाने करता येत नाही.

असे असूनही सायकलीची चोरी हा आपल्याकडे हळहळण्याचा विषय आहे, विचार करण्याचा नव्हे. "गेली ती गेली, कुलूप नीट लावावयास हवे होते," असे म्हणून शेजारीपाजारी मोकळे होतात. ज्याची सायकल गेली तोही बहुधा स्वतःलाच दोष देतो आणि पोलिसांची पायरी चढण्याचे टाळतो. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे आपले वाडवडील म्हणत आले. या बाबतीत काळ पुरता सोकावला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. म्हणून आज कुलपाविषयी थोडे बोलू: त्याच्याकडून किती अपेक्षा करावी, आणि जेथे त्याची शक्ती संपते तेथून पुढे काय करावे.

प्रथम एक गोष्ट मनाशी स्पष्ट असावी. न उघडणारे कुलूप आजवर कोणी घडविलेले नाही. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने अठराव्या शतकाच्या अखेरीस असे एक कुलूप तयार केले की, ते किल्लीवाचून उघडेल असे कोणास वाटत नव्हते. लंडनमधील पिकॅडिली भागातल्या त्याच्या दुकानाच्या खिडकीत ते कुलूप मांडलेले असे, आणि जो कोणी ते उघडील त्यास २०० गिनींचे बक्षीस जाहीर केलेले असे. कित्येक वर्षे ते बक्षीस कोणीच मिळवू शकला नाही. पुढे १८५१ साली लंडनला जे भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले, त्या निमित्ताने आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपतज्ज्ञ तेथे आला आणि त्याने हे आव्हान स्वीकारले. सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खटपट करून त्याने ते कुलूप उघडले. इंग्लंडात यावर मोठा गहजब झाला. तथापि शांतपणे पाहिले तर या हकीकतीत ब्रामाचा कमीपणा दिसत नाही. जे कुलूप निष्णात माणसाला, हाती उत्तम साधने असताना, ५१ तास रोखून धरते, ते घरफोड्याला कायमचेच रोखते. कारण घरफोड्याजवळ इतके तास नसतात.

कुलपाचे सारे सामर्थ्य या एका गोष्टीत आहे. ते चोराकडून वेळ मागते आणि आवाज करावयास लावते. आपण दुकानातून कुलूप विकत घेतो तेव्हा वस्तुतः काही मिनिटे विकत घेत असतो. ती मिनिटे किती, हे कुलपाच्या जातीवर आणि ते लावण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते.

आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचे आहे ते मागच्या चाकावर चौकटीलाच बसविलेले नालाच्या आकाराचे कुलूप. किल्ली फिरविली की त्यातील पोलादी कडी स्पोकांमधून आडवी जाते आणि चाक फिरेनासे होते. हे कुलूप सोयीचे आहे यात शंका नाही. ते घरी विसरत नाही, पिशवीत वागवावे लागत नाही, आणि दुकानात पाच मिनिटे डोकावण्यापुरते ते पुरेसे असते. त्याची उणीव एवढीच की, ते सायकलीला सायकलीशीच बांधते. आपली साधी काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. धान्याचे लहानसे पोते उचलणाऱ्या माणसाला ती खांद्यावर टाकून अंधाऱ्या बोळात नेणे कठीण नाही, आणि टेम्पो घेऊन आलेल्या दोघांना तर ते मुळीच कठीण नाही. एकदा आडोशाला गेल्यावर हे कुलूप फोडण्यास चोराला हवा तितका वेळ मिळतो.

दुसरी जात तारेच्या दोराच्या कुलपाची. प्लास्टिकच्या आवरणामुळे ते जाड व भक्कम दिसते. आतील तारांची जुडी मात्र बारीक असते आणि हातात मावणाऱ्या कातरीने काही क्षणांत तुटते. याच जातीत आकड्यांची कुलपे येतात. तीन चकत्यांच्या कुलपात ००० पासून ९९९ पर्यंत एक हजार जुळण्या होतात. प्रत्येकीस दोन सेकंद धरले तरी सर्व तपासून पाहण्यास अर्ध्या तासाहून थोडाच अधिक वेळ पुरतो, आणि सरासरीने त्याच्या निम्माच. चार चकत्या असतील तर हाच हिशेब साडेपाच तासांच्या वर जातो. अर्थात हलक्या प्रतीच्या कुलपात जो आकडा बरोबर बसतो तेथे चकती किंचित अडखळते, आणि सरावलेल्या बोटांना तेवढी खूण पुरते. आपली जन्मतारीख किंवा घराचा क्रमांक लावून ठेवणाऱ्यांविषयी तर बोलावयासच नको.

साखळी याहून चांगली, परंतु तिची कडी जाड आणि पोलाद पाणी दिलेले असावे. हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळणारी साधी साखळी लांब दांड्याच्या कातरीपुढे टिकत नाही. सर्वांत भरवशाचे मानले जाते ते इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे, अखंड पोलादी दांड्याचे कुलूप. ते अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आले आणि आता आपल्या मोठ्या शहरांतूनही मिळते. मात्र त्याच्याही नशिबी फजिती चुकलेली नाही. अशा कुलपांतील काहींची किल्ली पोकळ नळीच्या आकाराची असे. २००४ साली अमेरिकेत असे उघडकीस आले की, साध्या बॉलपेनची प्लास्टिकची नळी त्या छिद्रात दाबून फिरविली तर ही महागडी कुलपे उघडतात. एका नामांकित कंपनीला त्यापायी असंख्य ग्राहकांची कुलपे बदलून द्यावी लागली. दांडा अभेद्य असून उपयोग काय, जर किल्लीचे छिद्रच दुबळे असेल!

अलीकडे तर चोराच्या हाती बॅटरीवर चालणारे कापण्याचे ग्राइंडर आले आहे. ग्रिलचे काम करणाऱ्या कारागिराजवळ असते तेच हे यंत्र. त्याच्यापुढे बहुतेक कुलपांचे आयुष्य एक-दोन मिनिटांचे असते. ते वापरताना कर्कश आवाज होतो आणि ठिणग्या उडतात. यामुळे चोर पकडला जाईल असे आपणांस वाटेल. पण केसी नाइस्टॅट या चित्रपटकाराने न्यूयॉर्क शहरात याची परीक्षा पाहिली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका लघुपटात तो स्वतःचीच सायकल दिवसाढवळ्या, रहदारीच्या ठिकाणी, करवत, कातर आणि यंत्र यांनी 'चोरताना' दिसतो. बहुतेक वाटसरू त्याच्याकडे पाहत निघून जातात. यावरून निष्कर्ष निघतो तो असा की, कुलपाने मिळविलेली मिनिटे तेव्हाच सार्थकी लागतात, जेव्हा त्या मिनिटांत कोणी तरी "काय चालले आहे?" असे विचारतो.

ही मर्यादा ओळखूनच कुलूप लावावे. लावताना पहिला नियम हा की, सायकल अचल वस्तूस बांधावी: जमिनीत रोवलेले लोखंडी कठडे, पक्के गज, सिमेंटात बसविलेला खांब. कमी उंचीच्या खांबावरून सायकल कुलपासकट वर उचलून काढता येते, हे विसरू नये. दुसरा नियम, केवळ पुढच्या चाकातून साखळी ओवू नये. पुढचे चाक नट सैल करून सुटते आणि मग धन्यासाठी चाक तेवढे शिल्लक राहते. चौकट आणि मागचे चाक ही दोन्ही कुलपाच्या कवेत यावीत, कारण हेच दोन भाग अधिक मोलाचे. तिसरा नियम, कुलपाच्या आत मोकळी जागा शक्य तितकी कमी ठेवावी. पहार किंवा मोटारीचा जॅक घालावयास जागा मिळाली की दांडा वाकविता येतो. साखळी जमिनीवर टेकू देऊ नये, कारण दगडावर ठेवून घाव घालणे सोपे जाते. चौथा नियम, शक्य तेथे दोन निराळ्या जातींची कुलपे वापरावी. एकासाठी कातर आणि दुसऱ्यासाठी ग्राइंडर बाळगावयाचे, इतकी तयारी पोटासाठी फिरणारा भुरटा चोर सहसा करीत नाही. तो शेजारच्या सायकलीकडे वळतो.

येथे विचारी वाचकास एक प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. चोर शेजारच्या सायकलीकडे वळला, यात समाजाचा लाभ तो काय झाला? प्रश्न रास्त आहे. कुलूप चोरीचा पत्ता बदलते, चोरी थांबवीत नाही. ती थांबवावयाची तर चोरलेली सायकल विकणे अवघड केले पाहिजे, आणि येथे कुलपाचा अधिकार संपून माणसांचा सुरू होतो.

व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९४८ चा इटालियन चित्रपट 'बायसिकल थीव्ज' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सत्यजित राय यांनी तो लंडनमध्ये पाहिला आणि आपला मार्ग त्यांना तेथे सापडला, हे प्रसिद्धच आहे. महायुद्धानंतरच्या रोम शहरात भित्तिपत्रके चिकटविण्याचे काम एका बेकाराला मिळते. अट एकच, सायकल हवी. ती सोडवून आणण्यासाठी त्याची पत्नी घरातील पलंगावरच्या चादरी गहाण टाकते. कामाच्या पहिल्याच दिवशी, तो शिडीवर असताना, सायकल चोरीस जाते. पुढे बाप-लेक ती शोधीत जुन्या बाजारात हिंडतात, तेव्हा त्यांना दिसतात त्या सुट्या चौकटी, सुटी चाके, टायर, घंट्या आणि पंप यांच्या राशी. चोरलेली सायकल सायकल राहतच नाही, ती भागांत विरून जाते. दे सिकांचा तो बाजार निराळ्या नावांनी आपल्याही प्रत्येक शहरात भरतो, आणि तेथील गिऱ्हाईक परग्रहावरून येत नाही. अर्ध्या किमतीत सायकल मिळते म्हणून पावतीची विचारपूस न करणारे आपणच ते गिऱ्हाईक असतो.

या व्यवहाराला आळा घालण्याचे साधन प्रत्येक सायकलीवर असते. चौकटीवर, बहुधा पायडलांच्या आसाखाली किंवा सीटच्या नळीजवळ, एक क्रमांक ठोकलेला असतो. कृपया आज सवड काढून आपल्या घरातील सायकल उलटी करावी, चिखल पुसून तो क्रमांक उतरून घ्यावा, आणि खरेदीच्या पावतीसह एका छायाचित्रासोबत जपून ठेवावा. जपानमध्ये १९९४ पासून प्रत्येक सायकलीची अशी नोंद करणे बंधनकारक आहे. विक्रेत्याकडेच नोंद होते, चौकटीवर क्रमांकाची पट्टी चिकटवितात, आणि पोलीस संशय आल्यास रस्त्यातच तो क्रमांक पडताळतात. आपल्याकडेही जुन्या पिढीला नगरपालिकेचा सायकलकर आणि त्याचा धातूचा बिल्ला आठवत असेल. त्या बिल्ल्याचा मुलांना धाक आणि मोठ्यांना जाच वाटे. पण सायकलीला एक अधिकृत ओळख होती, ही त्यातील जमेची बाजू. भाड्याने सायकली देणारे दुकानदारही मडगार्डवर दुकानाचे नाव व क्रमांक ठळक रंगवीत, त्यामागे हेच व्यवहारज्ञान होते. घरच्या सायकलीवर आपले आडनाव रंगविणे आपणांस अशोभनीय वाटेल. परंतु चोराला ते त्याहून गैरसोयीचे वाटते.

क्रमांक आणि पावती यांना कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. मात्र वस्तूची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिचे मूल्य परत केले, तर त्यास समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे, आणि अशा प्रकरणाची गणना अदखलपात्र गुन्ह्यांत केली आहे. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून करता येत नाही. साधी सायकल पाच हजारांच्या या रेषेच्या आसपासच असते. म्हणून तिची किंमत दाखविणारी पावती हाताशी असणे अगत्याचे ठरते. पावती नाही म्हणून तक्रार करू नये असे मात्र नाही. नव्या कायद्याप्रमाणे तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते आणि तीन दिवसांत तीवर सही करावयाची असते. सायकल सापडेल की नाही हे त्या कागदावर अवलंबून नसले, तरी कोणत्या रस्त्यावरून किती सायकली जातात हे त्या कागदांवरूनच पोलिसांना कळते. तसेच चोरीचा माल जाणूनबुजून घेणारासही, कलम ३१७ प्रमाणे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे स्वस्ताईला भुलणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

याहून जुना आणि अजूनही तितकाच खात्रीचा उपाय म्हणजे राखणदार. आपल्या रेल्वे-स्थानकांबाहेरील सायकल-स्टँडवर एक माणूस बसलेला असतो; तो चिठ्ठी फाडून देतो आणि संध्याकाळी चिठ्ठी पाहून सायकल सोडतो. कोणतेही कुलूप "ही सायकल तुमची कशावरून?" असे विचारू शकत नाही, तो विचारतो. नेदरलँड्समधील उट्रेक्ट स्थानकाखाली २०१९ साली पूर्ण झालेल्या वाहनतळात १२,५०० सायकली ठेवण्याची सोय आहे, तिचे तत्त्व मुळात हेच. आपल्या गृहसंस्थांनी आणि शाळांनी एवढा खर्च करण्याची आवश्यकता नाही. जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत एक दिवा, भिंतीत बसविलेला एक पक्का लोखंडी गज, आणि शाळा भरल्यानंतर बंद होणारे एक फाटक, एवढ्याने पुष्कळ साधेल. पालकसभेत पाण्याचा आणि पंख्यांचा विषय निघतो, तसा एकदा सायकलींच्या जागेचाही निघावा.

शेवटी चोराविषयी दोन शब्द. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, राजस्थानातील एका गावातून एक मजूर कोणाची तरी सायकल घेऊन गेला. जाताना त्याने मागे चिठ्ठी ठेवली होती. आपण मजूर आहोत, घरी पोचावयाचे आहे, दुसरे साधन नाही, बरोबर चालू न शकणारा मुलगा आहे, अशा अर्थाचा मजकूर लिहून त्याने सायकलीच्या मालकाची क्षमा मागितली होती. वर्तमानपत्रांत ही हकीकत वाचून देशभर अनेकांचे मन द्रवले. दे सिकांच्या चित्रपटाचा शेवटही असाच आहे. सारा दिवस हिंडून निराश झालेला तो बाप अखेर स्वतःच एक सायकल पळवू पाहतो, पकडला जातो, आणि त्याच्या लहान मुलाकडे पाहून त्या सायकलीचा मालक त्याला सोडून देतो. गरजेपोटी हात घालणारा आणि टेम्पो भरून सायकली नेणारी टोळी यांत अंतर आहे, आणि ते ओळखण्याचे काम न्यायाचे आहे. परंतु ज्याची सायकल गेली तोही बहुधा तितकाच गरजू असतो, हे आपण दोन्ही प्रसंगी विसरतो.

तेव्हा कुलूप अवश्य घ्यावे, आणि सायकलीच्या किमतीला शोभेल असेच घ्यावे. मात्र ते लावून निश्चिंत होऊ नये. घरातील मुलांना कुलूप लावण्याची योग्य रीत दाखवावी, चौकटीचा क्रमांक त्यांच्याच हाताने वहीत लिहून घ्यावा, पावतीवाचून जुनी सायकल घरात आणू नये, आणि रस्त्यात कोणी सायकलीशी झटापट करताना दिसला तर थांबून चौकशी करण्याचा संकोच बाळगू नये. तो सायकलीचा मालकच असेल आणि त्याची किल्ली हरवली असेल, तर आपल्या चौकशीने तो रागावणार नाही. उलट आपल्या सायकलीकडे कोणाचे तरी लक्ष आहे, याचे त्यास समाधानच वाटेल.